दीपालीचा सात वाजताचा फोन

१

संध्याकाळी सात वाजता आमच्या घरात कोणी दुसरं काम काढत नसे. आई पावणेसातलाच कणीक मळून झाकून ठेवायची, हात धुऊन पदराला पुसायची आणि मधल्या खोलीतल्या पलंगावर भिंतीला टेकून बसायची. समोर स्टूल, स्टुलावर तांदळाचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाइल. सात वाजले की दीपालीचा व्हिडिओ कॉल यायचा.

दीपाली माझी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरला अकरावीत शिकत होती. देशोदेशींच्या मुलांना एकमेकांच्या शाळांत पाठवणाऱ्या एका संस्थेची परीक्षा तिने दिली, मग मुलाखत झाली आणि दहा महिन्यांसाठी उत्तर जर्मनीतल्या एका लहान गावात जायला तिची निवड झाली. तिथल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांच्या मुलांबरोबर शाळेत जायचं आणि जूनमध्ये परत यायचं. आमच्या मोहल्ल्यातून कोणी नागपूरच्या पुढे शिकायला गेलं नव्हतं. बुद्धविहारात तिचा सत्कार झाला. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात पंपचालक आहेत. ते ड्यूटीच्या खाकी शर्टातच आले आणि शेवटपर्यंत दाराजवळ उभे राहिले. पुढे बसा म्हटलं तरी आले नाहीत.

मी प्रवीण. पांढुर्ण्याच्या एका खाजगी शाळेत फिजिक्स शिकवतो. सकाळच्या बसने जातो, संध्याकाळी सव्वासहापर्यंत घरी येतो. बाबांची ड्यूटी दुपारी बारा ते रात्री आठ. त्यामुळे सातच्या फोनला घरात आई आणि मी असे दोघंच असायचो.

हे सगळं वेळांसकट सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते वेळेपासूनच सुरू झालं.

२

पहिले दोन महिने फार सुखाचे गेले.

"गेली होती का शाळेत?" आईचा पहिला प्रश्न ठरलेला.

"गेली होती ना आई. रोजच तं जातो."

"मंग सांग, काय काय झालं."

दीपाली अख्खा दिवस सांगायची. सकाळी ब्रेडला लोणी लावून खायचं, तसलाच ब्रेड डब्यात घ्यायचा. डोक्याला हेल्मेट लावून तीन किलोमीटर सायकल. शाळेत युनिफॉर्म नाही, प्रार्थना नाही, घंटासुद्धा पितळेची नाही, भिंतीतून नुसता टूं आवाज येतो. पोरं एका वर्गात बसून राहत नाहीत. दर तासाला बस्ता उचलायचा आणि दुसरी खोली शोधायची. पहिल्या आठवड्यात ती तीनदा चुकली आणि एकदा मोठ्या पोरांच्या वर्गात जाऊन बसली. मोबाइल सकाळीच एका पेटीत जमा करायचे, सुटताना परत मिळायचे. सव्वातीनला शाळा सुटायची, साडेतीनला ती घरी पोहोचायची आणि पोहोचल्या पोहोचल्या आईला फोन लावायची. तिथले साडेतीन म्हणजे आमचे सात.

"तुहं नाव घेता येते का त्याईले?" आई विचारायची.

"दिपाल्ली म्हणतात मले."

आई तोंडाला पदर लावून हसायची. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतल्या सगळ्या बायांना दिपाल्ली माहीत झालेली असायची.

घरमालकीण ब्रिगिट नावाच्या बाई होत्या. एकदा त्या स्क्रीनवर आल्या आणि शिकवल्यासारखं "नमस्ते आई" म्हणाल्या. आईने घाईघाईने डोक्यावर पदर घेतला. त्यांना मराठी येत नव्हती आणि आईला त्यांची भाषा, तरी त्या दोघी चांगल्या मिनिटभर एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या.

३

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे घेतात. मी माझ्या मोबाइलवर सौंसरच्या वेळेखाली दीपालीची वेळ लावून ठेवली होती, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. मी आईला आधीच सांगितलं, "आता तिची शाळा सुटायला आपले पावणेआठ होतील. फोन आठला येईल."

सोमवारी फोन सातला आला.

तिथे तेव्हा अडीच वाजले होते. "आज लवकर सुटली का गं?" मी विचारलं.

"हो दादा. आज लवकर सुटली."

मंगळवारी सात. बुधवारी सात. मी परत विचारलं, तिने परत तेच उत्तर दिलं, त्याच शब्दांत. म्हटलं, थंडीमुळे शाळेची वेळ बदलली असेल. आमच्याकडे नाही का उन्हाळ्यात शाळा सकाळची होत.

पण त्या आठवड्यात मला अजून एक गोष्ट दिसली. दीपालीच्या मागे एक खिडकी दिसायची. सप्टेंबरात तिच्यात झाड आणि उजेड असायचा. आता ती खिडकी काळी होती.

"बाहेर अंधार आहे का दीपाली?"

ती मागे वळली, खिडकीकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे वळली. "हो दादा. इथं लवकर अंधार पडते."

जेवण झाल्यावर मी तिच्या गावचा सूर्यास्त शोधला. साडेचारच्या पुढे. दुपारी अडीचला तिथे आभाळ कितीही भरलं असलं तरी खिडकी इतकी काळी होणार नाही. अंधार आमच्याकडे होता. आमच्याकडे सात वाजले होते.

पडदा असेल, मी ठरवलं. गडद रंगाचा पडदा. तसं ठरवल्यावर झोप लागली.

४

दिवाळीनंतर आईचं आणि तिचं बोलणं हळूहळू बदललं. मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला पेपर तपासत बसायचो, त्यामुळे कानावर पडायचं. आधी दीपाली सांगायची आणि आई ऐकायची. आता दीपालीच जास्त विचारायची.

"आई, तुही तब्येत कशी हाय?"

"बरी हाय."

"घरात कोण कोण हाय आता?"

"मी अन् दादा."

"दादा कुठं बसला हाय?"

"हा काय, पायथ्याशी."

"अन् बाबा?"

"ड्यूटीवर. एकटेच राहतात तिथं, आठ वाजेपर्यंत."

"बरं," दीपाली म्हणायची. समाधान झाल्यासारखं.

रोज. मला वाटलं, पोरीला घराची आठवण येते. परदेशात एकटं राहणाऱ्याला असंच होत असेल, डोळे मिटून घर आठवायचं, कोण कुठे बसलंय ते बघायचं.

एका शुक्रवारी ती शाळेचं सांगत होती. "आज प्रार्थनेत मले समोर उभं केलं," ती म्हणाली. "मंग हजेरी झाली. मंग पहिला तास."

माझा पेन थांबला. प्रार्थना नाही, हे तिनेच सांगितलं होतं. मी मान वर केली आणि काही विचारणार तोच तिच्या मागून, फोनमधून, स्टीलचं झाकण जमिनीवर पडल्याचा आवाज आला. पडून गरगर फिरत फिरत ते थांबलं.

"काय पडलं वं तिकडं?" आईने विचारलं.

आणि मग आमच्या स्वयंपाकघरात झाकण पडलं. तसंच गरगर फिरलं, तसंच थांबलं.

मी उठून गेलो. ओट्यावरून मांजर खिडकीत उडी मारत होतं. कढईवरचं झाकण खाली पालथं पडलेलं होतं. मी ते उचललं, धुतलं, परत ठेवलं. हात करत होते ते बघत राहिलो.

प्रतिध्वनी मी दरवर्षी नववीला शिकवतो. आवाज भिंतीवर जाऊन परत येतो, म्हणून तो मागाहून ऐकू येतो. आधी ऐकू येणाऱ्या आवाजाचं पुस्तकात काही नाही.

५

जानेवारीतल्या एका मंगळवारी मी पांढुर्ण्याहून परतीच्या बसमध्ये होतो. मंगळवारी जामसांवलीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची गर्दी असते. फाट्यावर नारळ-फुलांच्या पिशव्या घेतलेली माणसं उतरली तेव्हा कुठे मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर संत्र्यांचे बगीचे मागे जात होते. फोन वाजला. परदेशी नंबर.

"दादा, मी बोलून राहिली. दीपाली." आवाज बसलेला, नाक चोंदलेलं. बोलता बोलता तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

"काय झालं गं तुला? हा कोणाचा नंबर?"

"शाळेच्या ऑफिसातला हाय. जेवणाची सुट्टी झाली, तं म्याडमले मागून फोन केला. आपला मोबाइल तं पेटीत असते ना. सर्दी झाली, चार दिवस झाले. ते जाऊ दे. दादा, आईले डॉक्टरकडे नेजो तू."

"आईला? कशाला?"

"ती रातभर झोपत नाई वाटते. मले रोज फोन करते."

मी म्हटलं, "रोज तर तूच करते."

ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी करत होती. मंग आईच म्हणे का तू करू नको, मीच करत जाईन. तवापासून रोज रात्री आठला तिचा फोन येते. आमचे आठ म्हणजे तुमचे साडेबारा ना? मी म्हटलं, आई, एवढ्या रातच्याला? तं म्हणे, झोप येत नाई."

आई दहाला झोपते. तिचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू येतं. आमच्या घरात आई रात्री उठली आणि कोणाला कळलं नाही असं होऊच शकत नाही.

"काय बोलते ती?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"शाळेचंच. कोणत्या खोलीत कोणता तास, मी कोणत्या बाकावर बसतो, दरवाजा कोण्या बाजूनं हाय. रोज तेच विचारते दादा. सांगितलेलं बी तिच्या ध्यानात राहत नाई. म्हून मले भेव लागून राहिलं."

बसने ब्रेक मारला. मी समोरच्या सीटची दांडी धरली.

"दीपाली, आज आमच्या सात वाजता तू कुठे असशील?"

"वर्गात. भूगोलाचा तास हाय शेवटचा. का बरं?"

"काही नाही. आईला मी नेतो डॉक्टरकडे. तिचा फोन तू काही दिवस उचलू नको. मोबाइल बंद करून झोप. तुलाही आराम पाहिजे."

"बरं," ती म्हणाली आणि परत खोकली.

६

त्या संध्याकाळी सातला फोन आला. आई बसलेली होती तशीच बसली. मी तिच्या खांद्यामागे उभा राहिलो.

दीपालीच होती. कपाळावरचा लहानपणी पडून झालेला व्रण, डावी भुवई उचलायची सवय, सगळं तेच. आवाज मोकळा होता. नाक चोंदलेलं नव्हतं. अर्धा तास बोलली, एकदाही खोकली नाही.

"आई, घरात कोण कोण हाय आता?"

"मी अन् दादा."

"दादा उभा कायले हाय?"

मी पलंगावर बसलो.

पुढचे तीन दिवस मी डोक्याने काम केलं. दोघींच्या खात्यांचे पासवर्ड बदलले. दीपालीला तिच्या फोनमधली नोंद बघायला सांगितली. सातच्या फोनची तिच्याकडे नोंद नव्हती. रात्रीच्या फोनची आईच्या मोबाइलवर नोंद नव्हती. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या वैभव सरांना मी गोष्ट दुसऱ्या कोणाची म्हणून सांगितली. ते म्हणाले, "सर, आजकल एआय से किसी का भी चेहरा बना देते हैं. आवाज भी. ओटीपी माँगा क्या?"

नाही मागितला. तीन महिन्यांत कोणी काही मागितलं नव्हतं. घरात कोण आहे आणि कुठे बसलंय, एवढंच विचारलं होतं.

पासवर्ड बदलल्याच्या संध्याकाळीही सातला फोन आला.

७

शनिवारी मी आईला सांगायचं ठरवलं. त्या दिवशी ती लवकरच पोळ्या लाटत होती. मी दारात पाट घेऊन बसलो. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून दीपालीची सर्दी सांगितली. शाळेच्या ऑफिसातून तिने केलेला फोन सांगितला. आमच्या सात वाजता ती वर्गात असते, तेही सांगितलं.

आईने पोळी उलटली. फुगली तशी कडेने दाबली.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"का ते दीपाली नाई."

आई शांतपणे पुढची लाटी पिठात घोळत होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासूनच. दीपाली मले कधी विचारते का, तुही तब्येत कशी हाय म्हून? जन्मात विचारलं नाई तिनं. ते रोज विचारते."

"मग तू कशाला बोलते त्याच्याशी, आई? रोज अर्धा-अर्धा तास!"

तिने लाटणं खाली ठेवलं.

"आपल्या घरचं सारं माहीत हाय त्याले. तिचं तोंड घेऊन येते. म्या नाई उचलला अन् ते तिकडं तिच्याजवळ गेलं तं? पोरगी परक्या मुलखात एकटी. इथं माह्यापाशी बसून राहते तवरक तिकडं तं जात नाई, असं वाटे मले. म्हून गुंतवून ठेवतो त्याले. रोज."

तीन महिने ती रोज हात धुऊन त्या पलंगावर बसत होती ते यासाठी. मी शेजारी बसून पेपर तपासत होतो.

मला ते सांगायचं नव्हतं. पण न सांगून चाललं नसतं.

"आई, ते तिच्याकडेही जातं. तुझा आवाज घेऊन. रोज."

तव्यावरची पोळी जळायला लागली. आईने गॅस बंद केला. मग पोळी काढून बाजूला ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "किती वाजले?"

"साडेसहा."

"चाल मंग."

८

सातला फोन आला. आईने उचलला. मी तिच्या बाजूला चिकटून बसलो. लहानपणीसुद्धा मी तिच्या इतक्या जवळ बसल्याचं मला आठवत नाही.

"आई, तुही तब्येत कशी हाय?"

"बरी हाय. शाळेत गेली होती का?"

"गेली होती ना आई. रोजच तं जातो."

"बाई," आई म्हणाली, "तुही खोली दाखव मले. तीन महिने झाले, मी पाह्यलीच नाई. फोन फिरव जरा."

दीपाली थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. वर्गात न शिकवलेला प्रश्न विचारला की पोरं जशी बघतात तशी ती बघत होती.

"फिरव ना," आई म्हणाली. आवाज मऊ होता.

चित्र हललं. आधी काळी खिडकी आली. जवळून दिसली तेव्हा कळलं, पडदा नव्हता. काचही नव्हती. भिंतीवर खिडकीच्या आकाराएवढा काळा भाग होता. मग हिरवट भिंत आली, आमच्या मधल्या खोलीच्या रंगाची, पण रंग देणाऱ्याने ती खोली फक्त ऐकली असावी अशी. कोनाडा होता, पण फार खाली. पलंग होता, पण त्याला पाय एकाच बाजूला होते.

पलंगावर कोणीतरी बसलं होतं. आमच्याकडे पाठ. अंगावर आईची जांभळी साडी, जी त्या वेळी आईच्या अंगावर होती. मान थोडी पुढे झुकलेली. ते हळू आवाजात काही म्हणत होतं. आधी कळेना. मग कळलं.

"जेवली का? ... जेवली का? ... जेवली का, बाई?"

आईचाच आवाज. दर वेळी थोडा वेगळा. एकदा शेवट वर नेऊन, एकदा खाली सोडून. पाठांतर करावं तसं. रात्रीचे साडेबारा व्हायला अजून वेळ होता.

माझ्या दंडावर आईची बोटं रुतली. मला वाटलं, ती ओरडेल. मला वाटलं, पलंगावरचं ते आता वळेल. मी बटण दाबायला हात पुढे केला, तो आईने धरला.

"ऐक," ती फोनला म्हणाली. "आता फोन करू नको, बाई. मले बी नाई अन् तिले बी नाई. लई झालं."

खोलीतलं पुटपुटणं थांबलं. पाठ तशीच होती.

चित्र फिरलं आणि पुन्हा दीपालीचं तोंड समोर आलं. तिने डावी भुवई उचलली.

"बरं," ती म्हणाली. आणि फोन बंद झाला.

९

दुसऱ्या दिवशी सातला आई पलंगावर बसली नाही. तिने अंगणात झाडू घेतला आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. साडेसात झाले, आठ झाले. फोन आला नाही. तिकडे दीपालीलाही आईचा फोन आला नाही. पुढच्या रविवारी तिने स्वतःहून फोन केला, खोकत खोकत. "आई, झोप लागते का वं आता?" आईने रडून घेतलं आणि मग चांगली दहा मिनिटं काढ्याची कृती सांगितली. दीपालीने तब्येतीचं नंतर काही विचारलं नाही. बर्फात सायकल कशी घसरली तेच सांगत बसली. आईचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला.

जूनमध्ये दीपाली परत आली. दोन इंच उंच झाली होती, चहात साखर कमी घेत होती. तिला आम्ही काही सांगितलं नाही. आईला तेव्हा झोपेचा त्रास होता, एवढंच तिला माहीत आहे. शाळा सुरू झाल्या, ती बारावीत बसली, मी पुन्हा पांढुर्ण्याच्या बसला लागलो. सात वाजता आता आमच्याकडे पोळ्या होतात.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी बाबांचा डबा घेऊन पंपघरावर गेलो. टाकीखालची ती लहान खोली, एक खुर्ची, एक मोटर आणि तिचा दिवसभराचा आवाज. बाबा तिथे एकटेच असतात. घरात ते फार बोलत नाहीत. माझ्याशी तर कधीच नाही. नोकरी लागली तेव्हासुद्धा "बरं झालं" एवढंच म्हणाले होते.

डबा उघडता उघडता ते म्हणाले, "तू दुपारी फोन करतं ना रोज, बरं वाटते बावा."

मोटरच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं असं मला वाटलं. "काय?"

"दोन वाजता. इथं टाइम जात नाई. तुहा फोन आला का बरं वाटते. लहानपणी तू एवढा बोलत नव्हता माह्याशी." ते खाली बघून हसले. मी त्यांना असं हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे. त्यांचा फोन खुर्चीवर पडला होता. साधा, बटणांचा. त्यात नुसता आवाज येतो.

"काय बोलतो मी?" मी विचारलं.

"हेच. तब्येत कशी हाय. पंपघरात कोण कोण हाय. कोण कुठं बसलं."

दोन वाजता माझा दहावीचा प्रॅक्टिकलचा तास असतो. फोन स्टाफरूममध्ये बॅगेत असतो. मी बाबांना कधीच फोन करत नाही.

हे त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. मी तोंडही उघडलं. पण ते भाजीत पोळी बुडवत होते आणि अजून हसत होते. घरी येऊन रात्रभर मी एकच ठरवलं. उद्या दोनच्या आधी मीच फोन लावायचा. रोज लावायचा. मी बोलत असलो तर दुसऱ्या कोणाला जागा मिळणार नाही.

सोमवारी दोनला पाच कमी असताना प्राचार्यांनी बोलावलं. सुटून स्टाफरूमपर्यंत पळत आलो, बॅग उघडली, नंबर लावला. दोन वाजून एक मिनिट झालं होतं.

जिस व्यक्ति को आप कॉल कर रहे हैं, वह दूसरी कॉल पर व्यस्त है.

परत लावला. परत तेच. खिडकीबाहेर मैदानात पोरं कबड्डी खेळत होती. मी अकरा मिनिटं लावत राहिलो.

मग रिंग गेली. मागे मोटरचा आवाज होता.

"अरे, आता तं ठेवला ना तुनं फोन," बाबा म्हणाले. आवाज आनंदी होता. "काई राहिलं का बोलाचं?"